माझ्या हाताने लिहिलेली सोडचिठ्ठी

आमचे शिरपूर हे गाव कोर्टकचेरीला नवखे नाही. गावाच्या नावापुढे जे 'जैन' लागते ते अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे. त्या मंदिराच्या पूजेच्या हक्कावरून श्वेतांबर आणि दिगंबर या दोन पंथांत जो वाद झाला, तो १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. पुढे १९८१ साली मंदिराला कुलूप लागले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली उघडले. माझे लहानपण आणि तरुणपण त्या कुलपाच्या काळातच सरले. त्यामुळे 'तारीख', 'स्टे', 'अपील' हे शब्द आमच्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ठाऊक आहेत.

परंतु याच गावात एखाद्या पोरीचा संसार मोडला की वकिलाकडे जायचे कोणाच्या मनात येत नाही. चार माणसे जमतात, स्टॅम्प पेपर आणतात, पंच बसतात आणि ज्याचे अक्षर चांगले त्याला लिहायला सांगतात. आमच्या वस्तीत ज्याचे अक्षर चांगले, तो मी होतो.

ही गोष्ट २००२ सालची. मी नुकताच बी. कॉम. झालो होतो. वस्तीतला पदवीधर म्हणून लोक मान देत. रेशनकार्डाचा अर्ज असो की कर्जाचा, माझ्याकडेच येत. एक दिवस वस्तीतल्या एका लेकीची बैठक भरली. लग्नाला दोन वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, नवरा दारूत बुडालेला. दोन्हीकडचे पाच-पाच पंच होते. लग्नातली भांडी परत मिळाली, अडीच हजार रुपये रोख मिळाले, आणि मी कागद लिहिला : 'आजपासून आम्हां दोघांचा नवरा-बायको या नात्याने काहीएक संबंध राहिला नाही. दोघांनीही दुसरे लग्न करण्यास एकमेकांची हरकत नाही.' तिने सही केली, त्याने अंगठा दिला. खाली 'लेखक' म्हणून मी माझे नाव घातले. दुसऱ्या दिवशी त्यावर नोटरीचा गोल शिक्का बसला. सर्वांनी चहा घेतला. एका पोरीला मोकळे केले, समाजकार्य केले, या आनंदात मी घरी आलो.

दोन वर्षांनी तिचे दुसरे लग्न झाले. माणूस चांगला मिळाला, एका नगरपरिषदेत कायम सफाई कामगार होता. दोन मुली झाल्या. २०१६ साली तो अचानक वारला. पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधीचा अर्ज गेला, तेव्हा दिराने हरकत घेतली की ही त्याची कायदेशीर बायकोच नाही, हिचा पहिला नवरा जिवंत आहे. कचेरीत तिला विचारले, 'पहिल्या घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा कुठे आहे?' तिने माझा कागद पुढे केला. तिला सांगण्यात आले की हा कागद चालत नाही.

ती संध्याकाळी माझ्या दारात आली. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि म्हणाली, "दादा, हे अक्षर तुहंच हाय ना? मंग हे चालत नाई असं काहून म्हणतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून रजा घेतली आणि तिला घेऊन वाशीमला एका वकीलबाईंकडे गेलो. कौटुंबिक प्रकरणे त्या चालवतात एवढेच ऐकून होतो.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "कोणी लिहिला?" म्हणाल्या. मी मान खाली घालून म्हणालो, "मी." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एकटे नाही. असे कागद माझ्याकडे नेहमी येतात. पण या कागदाने लग्न मोडत नाही."

मग त्यांनी जे समजावले ते मी वाचकांसाठी जसेच्या तसे मांडतो. आपली लग्ने बौद्ध पद्धतीने होतात. आपला स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणीही जुनी आहे. पण आज घडीला बौद्धांच्या लग्नाला १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या कायद्याप्रमाणे लग्न मोडते ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे खरी, पण ती रूढी जुनी आहे, अखंड चालत आलेली आहे, हे कोर्टात सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या प्रकरणात हेच सांगितले. म्हणजे मी कागद लिहिला त्याच वर्षी! आणि दुसरी गोष्ट अशी की, १९५६ साली आपण जुन्या रूढी टाकल्या असे अभिमानाने सांगतो. मग पोरीची सोडचिठ्ठी करताना तीच रूढी कोणत्या तोंडाने पुढे करायची?

नोटरीच्या शिक्क्याचे तर विचारूच नका. सही माझ्यासमोर झाली, एवढेच तो शिक्का सांगतो. लग्न लावण्याचा वा मोडण्याचा अधिकार नोटरीला नाही, हे केंद्र सरकारच्या विधी खात्याने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा लेखी बजावले आहे.

हे ऐकताना मला बाबासाहेबांची आठवण झाली आणि लाज वाटली. काडीमोड आपल्याकडे पूर्वापार होती. कष्टकरी जातींत बाईला दुसरा पाट लावता येई. पण त्यात पोटगी नव्हती, मुलांचा हक्क नव्हता. पंच म्हणतील तेच. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, तो जातीच्या पंचावर अवलंबून राहू नये, यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९४७ साली मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा झाला होता, पण आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, त्यामुळे तो इथे नव्हता. आपल्या आया-आज्यांना कोर्टाचा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला तो १९५५ सालीच. त्या दरवाजापर्यंत पोरीला न नेता मी तिला ओसरीवरच परत फिरवले होते, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून.

वकीलबाईंनी त्या दिवशी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "बाई, तुमच्या नावानं पेन्शन मिळेल असं मी म्हणणार नाही. कायद्यानं तुमचं दुसरं लग्न उभं राहत नाही. पण तुमच्या पोरींचं कोणी अडवू शकत नाही." कारण याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, आई-बापाचे लग्न कायद्याने निरर्थक ठरले तरी त्यांची मुले औरसच मानली जातात आणि आई-बापाच्या मिळकतीत त्यांचा हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो हक्क आणखी पक्का केला. बाईंनी मुलींच्या नावाने उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. दोन वर्षे तारखा झाल्या. २०१८ साली मुलींच्या वाट्याचे पैसे बँकेत त्यांच्या नावावर जमा झाले. तिला मात्र विधवेचे पेन्शन मिळाले नाही. आजही ती दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन सोंगायला जाते. माझ्या एका कागदाची ही किंमत, आणि ती भरते आहे ती.

अलीकडे कोर्टे अशा बायांच्या बाबतीत थोडी मवाळ झाली आहेत. पहिला घटस्फोट कोर्टातून झाला नव्हता तरी, ते माहीत असून लग्न केलेल्या दुसऱ्या नवऱ्याकडून बाईला पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले. पण ती पोटगी झाली, तीही नवरा जिवंत असेपर्यंत. त्या निकालाच्या भरवशावर कोणी बाँडवर सोडचिठ्ठी लिहू नये.

यानंतर चार-पाच वर्षांनी हाच प्रश्न माझ्या घरात आला. माझ्या बहिणीची मुलगी, लग्न २०२० चे, नवरा पुण्याकडे एका कंपनीत. एक मुलगा झाला. मारझोड, संशय, उपाशी ठेवणे हे सारे तिने दीड-दोन वर्षे सोसले आणि २०२२ च्या दिवाळीला मूल घेऊन माहेरी आली. काही महिन्यांनी त्याच्या वकिलाची नोटीस आली : आठ दिवसांत नांदायला या, नाहीतर कोर्टात दावा करू. घरात रडारड सुरू झाली. बहिणीला वाटले पोलीस येऊन पोरीला गाडीत घालून नेतील. भावजींनी मला सांगितले, "बाँड आणा, दोन पंच बोलवा, मोकळं करून टाकू." मी म्हणालो, "भावजी, तो कागद एकदा लिहून बसलो आहे. पुन्हा लिहिणार नाही." आणि भाचीला घेऊन त्याच वकीलबाईंकडे गेलो.

पहिल्याच भेटीत बाईंनी आम्हा पुरुषांना बाहेर काढले. "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा. मला तिच्याशी बोलायचं आहे." मला क्षणभर अपमान वाटला. तासभर बाकावर बसलो. भाची बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा हलका होता. जे आईलाही सांगितले नव्हते ते तिने तिथे सांगितले होते. पुढे बाई मला म्हणाल्या, "बापासमोर, मामासमोर पोरी अर्धंच सांगतात. अर्ध्यावर केस उभी केली की उलटतपासणीत पडते." वकिलाचे पहिले काम ऐकण्याचे असते, हे मला तेव्हा कळले.

त्यांनी तिला तीन गोष्टी विचारल्या होत्या. जिवाला धोका आहे का? परत जाण्याची थोडीतरी इच्छा आहे का? आणि उद्यापासून जगणार कशावर? धोका असता तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे लगेच संरक्षण मागता आले असते, सासरच्या घरात राहण्याचा हक्कही मागता आला असता. परत जाण्याची इच्छा असती तर त्यांनी आधी समजोत्याचा प्रयत्न केला असता. घटस्फोट हवाच असे गृहीत धरून त्या बसल्या नव्हत्या.

नोटीस वाचून त्यांनी आमची भीती घालवली. हा दावा कलम ९ चा. या प्रकारच्या दाव्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण आपल्या मराठी मुलुखातलेच. मुंबईच्या रखमाबाईवर १८८४ साली नवऱ्याने असाच दावा लावला होता. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करीन म्हटले. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली आणि ती पुढे डॉक्टर झाली. आता तसा तुरुंग नाही. कोर्टाने 'नांदा' असा हुकूम दिला तरी पोलीस कोणाला ओढून नेत नाहीत. फार तर मिळकतीवर जप्ती मागता येते, आणि वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. असा हुकूम असला म्हणून बायकोची पोटगी आपोआप बंद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. मात्र नोटीस आली की उत्तर द्यायचेच. गप्प बसले की एकतर्फी निकाल लागतो.

मग बाईंनी कागदांची यादी दिली. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विहारातला लग्नाचा दाखला, ग्रामपंचायतीतली विवाह नोंदणी, मुलाचा जन्मदाखला, दवाखान्याचे कागद, नवऱ्याच्या पगाराचा काही पुरावा, आणि लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी. स्त्रीधन बायकोचेच राहते, सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. पण यादीच नसेल तर मागायचे काय? आपल्याकडे लग्नात मंडपवाल्याचा हिशेब वहीत असतो, पोरीच्या मंगळसूत्राची पावती नसते.

सर्वांत आधी पोटगीचा अर्ज झाला. तेव्हा तो फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालीही खर्च मागता येतो. २०२० सालच्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालापासून नवरा-बायको दोघांनाही आपापली कमाई, मिळकत आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. जावयाने पगार बारा हजार सांगितला. त्याच्या बँकेच्या उताऱ्यात ओव्हरटाइम धरून जवळजवळ दुप्पट निघाला. इथे माझे बी. कॉम. कामाला आले. पोराचे दूध, औषध, भाचीचे जाणे-येणे, सगळ्याचा महिन्याचा हिशेब मी मांडून दिला. बाईंनी त्यातले फुगवलेले दोन आकडे काढून टाकले. "एक आकडा खोटा निघाला की बाकीचे खरेही खोटे होतात," म्हणाल्या.

यावरूनच बहिणीशी खटका उडाला. तिचे म्हणणे, नणदेचेही नाव तक्रारीत टाका, म्हणजे सासरचे वठणीवर येतील. नणंद बिचारी गुजरातमध्ये राहते. बाईंनी भाचीलाच विचारले, "तिनं तुला त्रास दिला?" भाची म्हणाली, "तिले मी लग्नात पाह्यलं, मंग नाई." बाईंनी नाव घालायला साफ नकार दिला. बहीण बाहेर येऊन म्हणाली, "पैसे आपण देऊ आन् बाजू त्याहीची घेते." मलाही तेव्हा तसेच वाटले. पुढे तडजोडीला बसलो तेव्हा त्याच नणदेने भावाला समजावले. तिचे नाव घातले असते तर ती समजवायला आली असती का?

बाईंनी सारे मार्ग समोर ठेवले होते. कलम १० प्रमाणे न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न राहते पण एकत्र राहण्याचे बंधन नाही. कलम १३ प्रमाणे छळ, दोन वर्षे टाकून देणे अशा कारणांवर लढून घटस्फोट. किंवा १९७६ साली कायद्यात आलेले कलम १३-ब, म्हणजे दोघांच्या संमतीने. यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. अर्ज दोघांनी मिळून करायचा, मग सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी कोर्टासमोर तेच सांगायचे. मधल्या काळात कोणीही मन बदलू शकतो. हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, पण ते न्यायाधीशांच्या हाती. बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो, ही सोय २००३ पासून आहे. त्यामुळे आम्हाला पुण्याला हेलपाटे पडले नाहीत.

मध्यस्थीत दोघे संमतीला तयार झाले. तेव्हा भाची इतकी थकली होती की म्हणाली, "मले काई नको मामा. फक्त मोकळं करा." आणि मी, इतके ठेचाळूनही, म्हणणार होतो की बरोबर आहे, संपवू या. बाई म्हणाल्या, "तुझं तू सोड, तुझा प्रश्न. पण पोराची पोटगी तुझी नाही, पोराची आहे. ती तुला सोडता येणार नाही. तो पाचवीत जाईल तेव्हा त्याला काय सांगशील?" मग त्यांनी तडजोडीचा मसुदा ओळ न ओळ बसवला. मुलाची दरमहाची रक्कम वेगळी आणि दरवर्षी वाढणारी. भाचीची एकरकमी रक्कम दोन हप्त्यांत, शेवटचा हप्ता दुसऱ्या जबाबाच्या दिवशी कोर्टातच डिमांड ड्राफ्टने. भांड्यांची आणि दागिन्यांची यादी. बापाने मुलाला महिन्यातून दोन रविवारी कुठे, किती वेळ भेटायचे ते. दोन्हीकडच्या केसेस कोणी कधी मागे घ्यायच्या ते. माझ्या २००२ च्या कागदात सहा ओळी होत्या. हा मसुदा नऊ पानांचा झाला.

जून २०२४ मध्ये अर्ज झाला. आमचे सहा महिने माफ झाले नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला दुसरा जबाब झाला. न्यायाधीशांनी भाचीला विचारले, "कोणाच्या दबावाखाली तर नाही ना?" ती म्हणाली, "नाही साहेब." एवढ्या दोन शब्दांसाठी किती काळ जावा लागला! बैठकीत २००२ साली त्या लेकीला हा प्रश्न आम्ही दहा पंचांपैकी एकानेही विचारला नव्हता. बाईंनी हुकूमनाम्याच्या दोन खऱ्या नकला काढून दिल्या आणि बजावले, "एक बँकेच्या लॉकरात ठेवल्यासारखी ठेवा. आणि दुसऱ्या लग्नाचा विचार मला विचारल्याशिवाय करू नका." लढून मिळालेल्या घटस्फोटात अपिलाची ९० दिवसांची मुदत संपेपर्यंत लग्न करता येत नाही, हेही आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

आता कोणी म्हणेल, वकिलाला पैसे कुठून आणायचे? रोजमजुरी करणाऱ्या घरात हा प्रश्न खरा आहे. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे, स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना फुकट वकील मिळतो. उत्पन्नाची अट त्यांना नाही. १९९० च्या दुरुस्तीमुळे आपण बौद्धही त्यात येतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. घटस्फोट, पोटगीच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे.

सगळेच वकील आमच्या बाईंसारखे असतील असे नाही. म्हणून काही गोष्टी आपणच पाळाव्यात. फीची पावती मागावी. वकीलपत्रावर वाचल्याशिवाय सही करू नये. केसचा नंबर वहीत लिहून ठेवावा. तो असला की घरातला शिकलेला पोरगा मोबाईलवर तारीख पाहू शकतो. मिळणाऱ्या पोटगीत हिस्सा मागणे वकिलाला नियमाने मना आहे. भांडण असेल तर दोघांनी एकच वकील करू नये. आणि डॉक्टरपासून आजार लपवू नये तसे वकिलापासून खरे लपवू नये.

पंच वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. पंचांच्या मनातही पोरीचे भलेच असते. माझ्याही मनात होते. म्हणून आमच्या मंडळाने २०१८ साली ठरवले की इथून पुढे विहारात कोणाचीही सोडचिठ्ठी लिहायची नाही. समजूत घालायला बसायचे, जुळत असेल तर जुळवायचे. जुळत नसेल तर पोरीला कोर्टापर्यंत पोहोचवायचे, तारखेला एका बाईमाणसाने सोबत जायचे, एस. टी. चे भाडे मंडळाने द्यायचे. आणि लग्न लागले की महिनाभरात ग्रामपंचायतीत नोंद झालीच पाहिजे, हे बघायचे. काम फार मोठे नाही. वाचकांनी आपापल्या वस्तीत हे करून पाहावे, एवढीच विनंती.

यंदा त्या लेकीच्या मोठ्या मुलीचे लग्न झाले. दुसऱ्या आठवड्यात ती मायलेकीने नोंदणीचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाकडून भरून घे ना." ती म्हणाली, "नाई दादा, तूच भर. तुहं अक्षर चांगलं हाय."

मी फॉर्म भरला. साक्षीदार म्हणून खाली सही करण्याआधी प्रत्येक रकाना तीन वेळा वाचून पाहिला.